अर्नेस्ट एमरी कॉडमन

अर्नेस्ट एमरी कॉडमन (जन्म : ३० डिसेंबर १८६९, बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू : २३ नोव्हेंबर १९४०) हे अमेरिकन शल्यविशारद होते. खांद्याच्या विकारांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आद्य शल्यविशारदांत त्यांची गणना होते. खांद्यातील फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९०९ मध्ये केली. अशा शस्त्रक्रियेनंतर आखडलेला हात मोकळा करण्यासाठी कमरेत वाकून व हात सैल सोडून जो झुलता व्यायाम करतात, तो जगभर ‘कॉडमन व्यायाम’ म्हणून ओळखला जातो. उपचार घेतलेल्या प्रत्येक रुग्णाची पुढे काही वर्षे विचारपूस करावी आणि उपचाराचे फलित नोंदवून ते सर्वांसमोर ठेवावे, असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. त्यांच्या या विचाराला ‘अंतिम परिणामाची कल्पना’ असे म्हणतात. या आग्रहापायी त्यांना मानाची पदे आणि व्यावसायिक स्थैर्य गमवावे लागले. रुग्णालयांच्या गुणवत्तेची तपासणी, कर्करोगाच्या नोंदवह्या आणि शस्त्रक्रियेच्या फलिताचे मापन या आज रूढ असलेल्या गोष्टींच्या प्रवर्तकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

बालपण आणि शिक्षण

कॉडमन यांचा जन्म बॉस्टनमधील एका जुन्या, प्रतिष्ठित घराण्यात झाला. शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्समधील निवासी शाळांत झाल्यावर त्यांनी हार्वर्ड महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८९१ मध्ये पदवी मिळवली. पुढे हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातून १८९५ मध्ये ते वैद्यकशास्त्राचे पदवीधर झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक म्हणून पुढे ख्याती पावलेले हार्वे कुशिंग हे त्यांचे सहाध्यायी व मित्र होते. शिकार आणि मासेमारी यांची कॉडमन यांना तरुणपणापासून आवड होती व ती अखेरपर्यंत टिकली. १८९९ मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन पटनम बोडिच यांच्याशी झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

भुलीच्या नोंदी आणि क्ष-किरण

त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला ईथरची भूल देण्याचे काम बहुधा वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे असे. त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण नव्हते आणि भूल देताना रुग्ण दगावण्याचे प्रसंगही घडत. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हे काम करीत असताना, आपल्यापैकी कोण अधिक कुशलतेने भूल देतो, याविषयी कॉडमन आणि कुशिंग यांच्यात चढाओढ लागली. तिचा निवाडा करण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी व श्वसन ठराविक अंतराने तक्त्यावर टिपून ठेवण्यास त्यांनी १८९४ मध्ये सुरुवात केली. भूल दिलेल्या रुग्णाच्या स्थितीचे हे तक्ते भूलशास्त्राच्या इतिहासातील अगदी सुरुवातीच्या नोंदी मानले जातात. आपले काम चांगले झाले की वाईट, हे आठवणीवर न सोडता कागदावर नोंदवून ताडून पाहण्याची जी वृत्ती पुढे कॉडमन यांच्या सर्व कार्यात दिसते, तिचा आरंभ या तक्त्यांत आढळतो.

१८९५ च्या अखेरीस विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. बॉस्टनमध्ये या नव्या साधनाचा वापर करणाऱ्या पहिल्या डॉक्टरांमध्ये कॉडमन होते. बॉस्टनमधील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरण चित्रणाचे काम पाहिले. निरोगी सांध्यांची क्ष-किरण चित्रे त्यांनी अभ्यासली आणि क्ष-किरणांमुळे त्वचेला होणाऱ्या भाजण्यासारख्या जखमांविषयीही लेखन केले.

खांद्याच्या अभ्यासाचा प्रारंभ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खांदेदुखीचे निदान फार ढोबळपणे होत असे. संधिवात, मज्जातंतूचा दाह किंवा नुसतीच मुरगळ अशी नावे देऊन रुग्णाला शेक आणि विश्रांती सांगितली जाई. क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसले नाही, की दुखापत किरकोळ ठरवली जाई. फ्रेंच शल्यविशारद सिमोन द्युप्ले यांनी १८७२ मध्ये सांध्याभोवतीच्या ऊतींकडे लक्ष वेधले होते. तरी रोजच्या वैद्यकीय व्यवहारात त्याचा फारसा उपयोग होत नव्हता.

खांद्याच्या सांध्यात भुजास्थीचा गोलाकार माथा अंसफलकाच्या, म्हणजे पाठीवरील पसरट हाडाच्या, उथळ खोबणीत बसलेला असतो. खोबण उथळ असल्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो. परंतु याच कारणाने सांध्याचे स्थैर्य हाडांपेक्षा स्नायूंवर अधिक अवलंबून राहते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस या चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन भुजास्थीच्या माथ्याभोवती बाहीच्या पट्टीसारखे वेष्टन तयार करतात. त्यालाच ‘रोटेटर कफ’ म्हणतात. या वेष्टनावर, खांद्याच्या वरच्या हाडाखाली, एक पातळ द्रवयुक्त पिशवी असते. हात उचलताना कंडरा हाडावर घासू नये, हे तिचे काम होय.

कॉडमन यांनी मृतदेहांचे विच्छेदन करून या पिशवीची रचना बारकाईने अभ्यासली. १९०६ मध्ये आखडलेल्या व दुखऱ्या खांद्यांविषयी लिहिलेल्या निबंधात त्यांनी अनेक रुग्णांच्या दुखण्याचे मूळ या पिशवीत आणि तिच्या तळाशी असलेल्या कंडरेत आहे, असे दाखवून दिले. ही पिशवी निरोगी असेल तर ती जणू दुसऱ्या सांध्याचेच काम करते आणि तिच्यात चिकटे निर्माण झाले तर मूळ सांधा चांगला असूनही हात वर जात नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सुप्रास्पायनेटस कंडरेची शस्त्रक्रिया

चार स्नायूंपैकी सुप्रास्पायनेटसची कंडरा सर्वांत वर असते आणि तीच सर्वाधिक वेळा फाटते. ती भुजास्थीला जिथे चिकटते, त्याच्या लगतचा सुमारे एक सेंटीमीटरचा भाग विशेष दुबळा असतो आणि फाटण्यास बहुधा तिथूनच सुरुवात होते, हे कॉडमन यांनी नोंदवले. १९०९ मध्ये त्यांनी अशी पूर्ण तुटलेली कंडरा शिवून पुन्हा हाडाशी जोडली. दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत त्यांनी १९११ मध्ये बॉस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जर्मनीत याआधी अशा काही शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेत मात्र कॉडमन यांची शस्त्रक्रिया पहिली मानली जाते.

या दुखापतीचा रुग्ण कसा असतो, याचे त्यांनी रेखाटलेले चित्र आजही अभ्यासले जाते. तो बहुधा चाळिशी ओलांडलेला कष्टकरी असतो. अपघातापूर्वी त्याला खांद्याचा त्रास नसतो. पडल्यामुळे खांद्यात एकदम तीव्र कळ येते, ती थोड्या वेळाने ओसरते. पण त्याच रात्री असह्य वेदना सुरू होतात. हात बाजूने वर उचलण्याची शक्ती जाते. क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही. मात्र हाच रुग्ण कमरेत वाकला आणि त्याने हात खाली लोंबता सोडला, तर खांद्याच्या हालचालीला फारसा अडथळा राहत नाही.

या निरीक्षणामागे सामाजिक प्रश्नही होता. चित्रात मोड दिसत नाही, म्हणून अशा कामगाराच्या दुखापतीचे खरे स्वरूप वेळेवर ओळखले जात नसे. महिने उलटत, फाटलेली कंडरा आक्रसून मागे सरके, स्नायू रोडावत आणि मग शस्त्रक्रिया करूनही हातात पूर्वीचे बळ येत नसे. अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसाचा हात जाणे म्हणजे त्याची उपजीविका जाणे होय. म्हणून निदान लवकर व्हावे आणि पूर्ण तुटलेली कंडरा लवकर शिवावी, यावर कॉडमन यांनी भर दिला.

अंतिम परिणामाची कल्पना

रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाची जखम भरली आहे, एवढ्यावरून शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे म्हणता येत नाही, हा कॉडमन यांच्या विचाराचा गाभा होता. खांद्याच्या बाबतीत हे विशेष खरे ठरते. टाके निघतात तेव्हा रुग्णाचा हात उचललाही जात नसतो. तो कामावर परत जाईल की नाही, हे कित्येक महिन्यांनंतर कळते. तोपर्यंत शल्यविशारदाचा आणि त्याचा संबंध संपलेला असेल, तर शस्त्रक्रियेचा खरा निकाल कोणालाच समजत नाही.

यासाठी प्रत्येक रुग्णामागे एक पत्रक ठेवावे, अशी पद्धत त्यांनी मांडली. रुग्णाची तक्रार, सुरुवातीचे निदान, योजलेला उपचार, उद्‌भवलेली गुंतागुंत, घरी जातानाचे निदान आणि त्यानंतरच्या वर्षांतील प्रकृती या बाबी त्यावर नोंदवायच्या असत. परिणाम अपेक्षेप्रमाणे आला नसेल, तर त्याचे कारण शोधणे बंधनकारक होते. ज्ञान वा कौशल्य अपुरे पडले का, निर्णय चुकला का, निदान चुकले का, शुश्रूषा वा साधने कमी पडली का, रोगच असाध्य होता का, रुग्णाने उपचार नाकारला का, की कोणाच्याच हाती नसलेली आपत्ती ओढवली, अशी कारणांची वर्गवारी त्यांनी केली होती.

१९१० मध्ये इंग्लंडच्या प्रवासात त्यांनी ही कल्पना फिलाडेल्फियाचे शल्यविशारद एडवर्ड मार्टिन यांना समजावून सांगितली. शल्यविशारदांची एक राष्ट्रीय संस्था असावी आणि तिने रुग्णालयांच्या कामाला काही प्रमाण ठरवून द्यावे, हा विचार त्या चर्चेतून पुढे आला. १९१२ मध्ये रुग्णालयांच्या प्रमाणीकरणासाठी समिती नेमली गेली व तिचे अध्यक्षपद कॉडमन यांच्याकडे आले. १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेची स्थापना झाली.

स्वतःचे रुग्णालय

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ही पद्धत पूर्णपणे अमलात येत नाही, असे दिसल्यावर कॉडमन यांनी १९११ मध्ये बॉस्टनच्या बीकन हिल भागात, पिंकनी स्ट्रीटवर, स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. येथे प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जाई आणि वर्षानंतर त्याची प्रकृती पुन्हा तपासली जाई. १९११ ते १९१६ या काळात या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांतील १२३ चुका कॉडमन यांनी नोंदवल्या व छापून प्रसिद्ध केल्या. स्वतःच्या हातून घडलेल्या गंभीर तांत्रिक चुकाही त्यांनी त्यातून वगळल्या नाहीत. हे अहवाल त्यांनी देशातील प्रमुख रुग्णालयांकडे पाठवले आणि त्यांनीही आपले परिणाम असेच जाहीर करावेत, असे आवाहन केले. त्याला मिळालेला प्रतिसाद अत्यल्प होता.

१९१५ ची सभा आणि तिचे परिणाम

त्या काळी मोठ्या रुग्णालयांत बढती सेवाज्येष्ठतेनुसार मिळत असे. कोणत्या शल्यविशारदाचे रुग्ण अधिक बरे होतात, याचा तिच्याशी संबंध नसे. याच्या निषेधार्थ कॉडमन यांनी १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा राजीनामा दिला. त्यानंतर लगेच, आपले परिणाम इतरांपेक्षा चांगले असल्याच्या आधारावर आपल्याला मुख्य शल्यविशारद नेमावे, असा अर्ज त्यांनी केला. तो मान्य होणार नाही, हे उघड होते. मात्र नकार देण्यासाठी विश्वस्तांना परिणामांची तुलना करावी लागेल, हा त्यामागचा हेतू होता.

६ जानेवारी १९१५ रोजी बॉस्टनमधील स्थानिक वैद्यक संस्थेच्या शल्यविभागाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी रुग्णालयांच्या कार्यक्षमतेवर सभा बोलावली. सभेच्या अखेरीस त्यांनी सुमारे आठ फुटांचे एक व्यंगचित्र उघडे केले. त्यात वाळूत डोके खुपसलेला शहामृग दाखवला होता. तो शहरातील धनिक रुग्णांचे प्रतीक होता आणि तो मागच्या मागे सोन्याची अंडी डॉक्टरांकडे ढकलत होता. उपचारांचे खरे परिणाम लोकांना कळले तर ही अंडी मिळत राहतील का, या विवंचनेत पडलेले हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष व रुग्णालयाचे विश्वस्तही चित्रात होते.

सभेत एकच गदारोळ झाला. कॉडमन यांना शल्यविभागाचे अध्यक्षपद सोडावे लागले, हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील अध्यापनाचे पद गेले आणि अनेक सहकारी दुरावले. सहकाऱ्यांनी पाठवलेल्या रुग्णांवर चालणारा त्यांचा व्यवसायही यामुळे खालावला. त्यांची मागणी रास्त होती, पण मांडण्याची पद्धत विरोधकांना हाती कोलीत देणारी ठरली, असे मत पुढील काळात अनेक अभ्यासकांनी व्यक्त केले आहे.

कॉडमन बाजूला पडले तरी प्रमाणीकरणाचे काम थांबले नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने रुग्णालयांसाठी किमान निकष ठरवले आणि पहिल्या पाहणीत शंभर व त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची तपासणी केली. त्यांपैकी केवळ ८९ रुग्णालये निकषांना उतरली. नापास झालेल्यांत अनेक नामांकित रुग्णालये असल्यामुळे ही यादी प्रसिद्ध न करता १९१९ मध्ये जाळून टाकण्यात आली.

हॅलिफॅक्सचा स्फोट, महायुद्ध आणि अस्थिकर्करोगाची नोंदवही

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे १,८०० माणसे मृत्युमुखी पडली. जखमींच्या उपचारांसाठी कॉडमन तेथे गेले. पुढील वर्षी ते अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. युद्ध संपून ते परतले तेव्हा त्यांचे रुग्णालय बंद पडले होते आणि डोक्यावर कर्ज होते.

१९२० मध्ये त्यांनी हाडांच्या सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगाची नोंदवही सुरू केली. जेम्स युइंग आणि जोसेफ ब्लडगुड हे विकृतिविज्ञानातील दोन जाणकार त्यांच्यासोबत होते. एका शल्यविशारदाला आयुष्यात असे मोजकेच रुग्ण दिसत. त्यामुळे देशभरातील रुग्णांची माहिती, क्ष-किरण चित्रे व ऊतींचे नमुने एकत्र करून पुढे त्या रुग्णांचे काय झाले, हे पाहणे आवश्यक होते. अंतिम परिणामाची कल्पनाच येथे एका रोगापुरती राष्ट्रीय पातळीवर अमलात आली. हाडावरील आवरण अर्बुदामुळे उचलले गेल्याने क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या त्रिकोणी खुणेला ‘कॉडमन त्रिकोण’ हे नाव याच कामामुळे मिळाले.

‘द शोल्डर’

तीन दशकांच्या अभ्यासाचे सार कॉडमन यांनी १९३४ मध्ये ‘द शोल्डर’ या ग्रंथात मांडले व तो बॉस्टनमध्ये स्वखर्चाने छापून घेतला. केवळ खांद्याला वाहिलेला हा इंग्रजीतील पहिला मोठा ग्रंथ समजला जातो. शास्त्रीय प्रकरणांच्या आधी लेखकाचे आत्मचरित्रात्मक निवेदन असलेली त्याची प्रस्तावनाही प्रसिद्ध आहे.

खांद्याच्या शास्त्रात आज रूढ असलेल्या अनेक संज्ञा या ग्रंथातून आल्या. हात वर जाताना भुजास्थी आणि अंसफलक यांची हालचाल एका ठराविक मेळाने होते. या मेळाला त्यांनी लय म्हटले आणि कंडरा फाटली की ही लय बिघडते, हे दाखवले. ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नावही त्यांनीच दिले. या विकाराची व्याख्या, उपचार आणि कारणमीमांसा ही तिन्ही अवघड आहेत, अशी कबुली त्यांनी त्याच वेळी दिली होती.

‘कॉडमन विरोधाभास’ म्हणून ओळखले जाणारे निरीक्षणही याच ग्रंथातील आहे. हात बाजूला सरळ सोडून, तळवा मांडीकडे ठेवून उभे राहावे. हात समोरून डोक्यावर न्यावा आणि मग बाजूने खाली आणावा. मनगट वा कोपर कोठेही मुद्दाम फिरवलेले नसतानाही हात मूळ जागी येतो तेव्हा तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. खांद्याच्या हालचाली एकमेकींपासून सुट्या करून पाहता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

झुलता व्यायाम

शस्त्रक्रियेनंतर कॉडमन यांच्यासमोर एक पेच होता. शिवलेली कंडरा हाडाशी एकजीव होण्यासाठी विश्रांती आवश्यक असते. हात लवकर उचलला तर टाके तुटण्याची भीती असते. परंतु हात फार दिवस बांधून ठेवला तर सांध्याभोवती चिकटे होऊन खांदा आखडतो. त्या काळी हात शरीरापासून दूर, उचललेल्या स्थितीत, चौकटीत बांधून ठेवण्याची पद्धत प्रचलित होती.

या पेचावरील उपाय त्यांना निदानाच्या निरीक्षणातच सापडला. उभ्या माणसाला हात उचलण्यासाठी स्नायूंचा जोर लावावा लागतो. तोच माणूस कमरेत वाकला तर हात आपल्याच वजनाने खाली लोंबतो आणि तरीही धडाशी जवळजवळ काटकोन करतो. म्हणजे स्नायूला काम न देता सांध्याला हालचाल मिळते. हाताच्या वजनाने सांध्यावर हलका ताणही पडतो. शरीर किंचित डोलवले की लोंबता हात घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे किंवा लहान वर्तुळात झुलतो. भुजास्थीच्या वरच्या टोकाच्या अस्थिभंगातही या व्यायामाचा उपयोग होऊ लागला. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. दुसऱ्या हाताने टेबलाचा किंवा खुर्चीचा आधार घेतला की तो घरीही करता येतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन : आजचे स्वरूप

रोटेटर कफची दुरुस्ती आज बहुतांश ठिकाणी दुर्बिणीद्वारे, लहान छेदांतून केली जाते. कंडरा हाडात रोवलेल्या बारीक खिळ्यांच्या दोऱ्यांनी बांधली जाते. तंत्र बदलले, तरी ऊती भरून येण्याचा वेग बदललेला नाही. सुरुवातीच्या दिवसांत त्या जागी दाह असतो, नंतरच्या आठवड्यांत नवी पण कच्ची ऊती तयार होते आणि तिला बळकटी येण्यास अनेक महिने लागतात. पुनर्वसनाचे टप्पे याच क्रमाने आखले जातात.

पहिल्या टप्प्यात हात साधारणपणे चार ते सहा आठवडे झोळीत ठेवला जातो. या काळात बोटे, मनगट व कोपर हलवत राहतात. शल्यविशारदाची परवानगी असेल तर झुलता व्यायाम आणि दुसऱ्याने हात हलवून करावयाच्या निष्क्रिय हालचाली सुरू होतात. दुसऱ्या टप्प्यात, सुमारे सहाव्या आठवड्यानंतर, निरोगी हाताच्या किंवा काठीच्या मदतीने आणि पुढे स्वतःच्या बळावर हात उचलण्याचा सराव केला जातो. अंसफलकाचे स्नायू सशक्त करून हालचालीची लय परत आणणे, हे या टप्प्याचे महत्त्वाचे उद्दिष्ट असते. तिसऱ्या टप्प्यात, बहुधा बाराव्या आठवड्यानंतर, रबरी पट्ट्या वा हलकी वजने वापरून ताकद वाढवली जाते. अंगमेहनतीच्या कामावर किंवा खेळाकडे परतण्यास सहा महिने व कधीकधी त्याहून अधिक काळ लागतो. कंडरा किती फाटली होती, रुग्णाचे वय, मधुमेह व धूम्रपान यांसारख्या बाबींनुसार हे वेळापत्रक पुढे-मागे होते. मोठ्या फाटीत आणि उतारवयात शिवलेली कंडरा पुन्हा फाटण्याचा धोका अधिक असतो.

हालचाल केव्हा सुरू करावी, याविषयी बरेच संशोधन झाले आहे. लवकर हालचाल केलेल्या रुग्णांचा हात सुरुवातीच्या महिन्यांत अधिक मोकळा होतो. परंतु वर्षाच्या अखेरीस हा फरक बहुतांशी नाहीसा होतो, असे अनेक चाचण्यांत आढळले. स्नायूंतील विद्युतक्रिया मोजणाऱ्या अभ्यासांतून असेही दिसले की, झुलता व्यायाम चुकीच्या रीतीने, मोठी वर्तुळे काढत केल्यास सुप्रास्पायनेटस स्नायू काम करू लागतो. हात स्वतः न हलवता शरीराच्या डोलण्याने हलू द्यावा आणि वर्तुळ लहान ठेवावे, या मूळ पद्धतीचे महत्त्व त्यामुळे पुन्हा अधोरेखित झाले.

मतभेद आणि मर्यादा

कंडरा मुख्यतः इजेमुळे फाटते, असे कॉडमन मानत. त्यांचे समकालीन शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर मेयर यांनी मात्र वर्षानुवर्षांच्या घासण्याने कंडरा झिजते, असे मत मांडले. १९७२ मध्ये चार्ल्स नीअर यांनी खांद्याच्या वरच्या हाडाखाली कंडरा चेपली जाते, या कारणावर भर दिला. वयोमानानुसार होणारी झीज आणि इजा ही दोन्ही कारणे कमी-अधिक प्रमाणात असतात, असे आज सामान्यपणे मानले जाते. कंडरा फाटलेली असूनही काहीच त्रास नसलेले पुष्कळ लोक असतात आणि अनेकांना शस्त्रक्रियेविना केवळ व्यायामाने आराम पडतो, हेही पुढील काळात स्पष्ट झाले.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

उत्तरायुष्यात कॉडमन यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाने त्यांना ग्रासले आणि २३ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. बॉस्टनजवळील माउंट ऑबर्न दफनभूमीत पत्नीच्या घराण्याच्या जागेत त्यांचे दफन झाले. त्यांच्या थडग्यावर नावाची शिळा नव्हती. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स आणि अन्य संस्थांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये तेथे स्मृतिशिळा बसवण्यात आली.

वारसा

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने सुरू केलेले रुग्णालय-तपासणीचे काम १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस एका संयुक्त आयोगाकडे सोपवण्यात आले. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या या आयोगाने पुढे कॉडमन यांच्या नावाने पुरस्कारही सुरू केला. कर्करोगाच्या नोंदवह्या आज जगभर ठेवल्या जातात. खांद्याच्या शस्त्रक्रियेपुरते पाहिले, तर वेदना, हालचाल, ताकद आणि रोजची कामे करण्याची क्षमता यांना गुण देऊन परिणाम मोजण्याची पद्धत सर्वमान्य झाली आहे. १९८७ मध्ये कॉन्स्टंट व मर्ली यांनी सुचवलेली गुणपद्धती त्यांपैकी विशेष प्रचलित आहे. शस्त्रक्रियेनंतर एक व दोन वर्षांनी रुग्णाला पुन्हा तपासून हे गुण नोंदवणे आता शल्यसंशोधनाचा नेहमीचा भाग आहे. ज्या मागणीमुळे कॉडमन यांना १९१५ मध्ये पदे सोडावी लागली, तिचेच हे रूप होय.

त्यांचा झुलता व्यायाम भारतासह जगभरातील फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नावानेच शिकवला जातो. रोटेटर कफच्या दुरुस्तीबरोबरच अस्थिभंग आणि फ्रोझन शोल्डर यांवरील उपचारांतही त्याचा वापर होतो.